मूल ओळखायला लागणारा वेळ

मुलाची दहाही बोटे एका छोट्या यंत्रावर टेकवायची, की काही दिवसांनी रंगीत अहवाल हातात पडतो. त्यात गोल तक्ते असतात. भाषेची बुद्धी अमुक टक्के, संगीताची तमुक टक्के. मूल बघून शिकणारे, ऐकून शिकणारे की हाताने करून शिकणारे. आणि शेवटच्या पानावर पुढे कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला. डीएमआयटी या नावाने ही चाचणी गेली काही वर्षे शाळांच्या सभागृहांत, मॉलमध्ये, करिअर मेळाव्यांत विकली जाते. विकणाऱ्याचे म्हणणे असे, की बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात, मेंदूही तेव्हाच घडत असतो, म्हणून रेषांवरून मेंदू वाचता येतो. रेषांबद्दलचे म्हणणे खरे आहे. त्यावरून काढलेल्या निष्कर्षाला शास्त्राचा काहीही आधार नाही. जत्रेत हात बघणारा निदान तक्ते तरी छापून देत नाही.

तरीही या अहवालासाठी पैसे मोजणाऱ्या आईबापांना हसण्यात अर्थ नाही. साठ मुलांच्या वर्गात आपले मूल कुठेतरी हरवले आहे, प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांत ते दिसत नाही, 'लक्ष देत नाही' याखेरीज त्याच्याबद्दल कोणी काही सांगत नाही, ही त्यांची बोच खरी आहे. हीच बोच काहींना आणखी पुढे नेते. ते मुलाला शाळेतूनच काढतात. त्यातले काही घरी वेळापत्रक लावून पाठ्यपुस्तके शिकवतात, हे होमस्कूलिंग. मोजके काही वेळापत्रक आणि अभ्यासक्रम दोन्ही बाजूला ठेवतात, मूल ज्याच्या मागे लागेल त्याच्या मागे आपणही जायचे असे ठरवतात, हे अनस्कूलिंग. मला या दुसऱ्या वाटेबद्दल आदर आहे आणि तिच्याबद्दल एक तक्रारही आहे. शाळेला कंटाळून बाहेर पडलेली ही मंडळी बोलायला लागली, की पहिल्या दहा मिनिटांत 'आमचा व्हिज्युअल लर्नर आहे' हे वाक्य येतेच. शाळा सोडताना तिचीच पाटी बरोबर घेऊन निघाल्यासारखे हे आहे. शाळा मुलावर 'हुशार' आणि 'ढ' अशा चिठ्ठ्या चिकटवायची. इथे चिठ्ठ्यांचा रंग बदलला, एवढेच.

'प्रत्येक मुलाची शिकण्याची आपली एक शैली असते आणि त्या शैलीत शिकवले तर ते चांगले शिकते' हे वाक्य इतके रुजले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. 2008 साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी ते तपासले. त्यांचा प्रश्न साधा होता. मुलांचे शैलीनुसार गट करा. मग प्रत्येक गटातल्या निम्म्यांना त्यांच्या शैलीत आणि निम्म्यांना दुसऱ्याच शैलीत तोच धडा शिकवा. सिद्धान्त खरा असेल तर शैली जुळलेली मुले पुढे जायला हवीत. अशा काटेकोर रीतीने केलेले अभ्यास त्यांना फारच थोडे सापडले, आणि शैलीनुसार शिकवण्याची शिफारस करावी इतका पुरावा त्यांतून निघाला नाही. हॉवर्ड गार्डनर यांचे नाव या चर्चेत हमखास घेतले जाते. 1983 साली त्यांनी सात प्रकारच्या बुद्धी मांडल्या. पण बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, असे 2013 मध्ये त्यांनाच जाहीरपणे लिहावे लागले. जी गोष्ट गुरूने नाकारली ती शिष्य अजून त्याच्या नावावर खपवत आहेत.

थोडा विचार केला तर यात नवल काही नाही. महाराष्ट्राचा नकाशा बघावाच लागतो आणि यमन ऐकावाच लागतो, मूल कसलेही असो. सायकल कोणी ऐकून शिकत नाही. कशा तऱ्हेने शिकायचे हे बऱ्याच अंशी त्या विषयावरच ठरते. मुलामुलांत फरक नसतात असे मात्र मी म्हणत नाही. असतात, आणि मोठे असतात. कोणाला आधीपासून काय माहीत आहे, कोणाला किती वेळ लागतो, कोणाला कशाची ओढ आहे, कोणाला अक्षरे ओळखतानाच अडचण येते. यातली शेवटची गोष्ट तर शैली या शब्दामुळे सर्रास झाकली जाते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला 'हा ऐकून शिकणारा आहे' म्हणून वाचनातून सूट दिली, की ज्या वयात अक्षर आणि ध्वनी यांची सावकाश, पद्धतशीर मदत त्याला मिळायला हवी, तेच वय हातचे जाते.

मग मूल ओळखायचे कसे? अनस्कूलिंगचा जनक मानला जाणारा जॉन होल्ट या प्रश्नाचे जे उत्तर जगला, ते त्याच्या अनुयायांना फारसे आठवत नाही. होल्ट अमेरिकेतल्या खासगी शाळांत पाचवीच्या वर्गाला शिकवत असे. त्याच्या आयुष्यातली निर्णायक गोष्ट घडली ती त्याने शिकवणे थांबवले तेव्हा. बिल हल हा त्याचा सहकारी शिकवत असताना होल्ट वर्गात नुसता बसून राहू लागला, मुलांकडे बघत. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की शिक्षकाला मूल दिसते ते त्याला प्रश्न विचारल्यावरच, आणि त्या क्षणी मूल आपल्याकडे कोणी बघते आहे म्हणून वेगळे वागत असते. उत्तर येत नसेल तर पुटपुटायचे, म्हणजे शिक्षक आपल्याला हवे ते ऐकतो. अर्धे उत्तर देऊन शिक्षकाचा चेहरा वाचायचा आणि भुवया वर गेल्या की उत्तर बदलायचे. मुलांची सगळी हुशारी शिक्षक ओळखण्यात खर्च होत होती, अपूर्णांक होते तिथेच होते. या टिपणांतून 1964 साली 'हाउ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक निघाले. तीन वर्षांनी त्याने दुसरे पुस्तक लिहिले, लहान मुले शाळेबाहेर कशी शिकतात याबद्दल. होल्टला स्वतःचे मूल नव्हते. त्याने पाहिली ती बहिणीची, मित्रांची मुले. बरीच वर्षे तो शाळा सुधारण्याच्या खटपटीत होता, मग त्याने आशा सोडली आणि 1977 पासून शाळेविना मुले वाढवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक चालवले.

होल्टच्या पद्धतीत चाचणी नाही, बसकण आहे. शिकवायची घाई नसलेला एक मोठा माणूस, आणि आपल्याकडे परीक्षेच्या नजरेने बघितले जात नाही याची खात्री असलेले मूल, असे दोघे बराच काळ एका ठिकाणी असणे. अनस्कूलिंगचे मोल मला इथे वाटते. घरात असलेल्या आईला किंवा बापाला सकाळी नऊला आणि दुपारी तीनलाही मूल दिसते; कंटाळलेले दिसते, अडलेले दिसते, कालचे अर्धवट काम आज कोणी न सांगता पुढे ओढताना दिसते. शिक्षकाला हे बघायची सोय नसते.

गल्लीतल्या क्रिकेटचे बघा. दोन पोरे रोज संध्याकाळी खेळायला जातात, दोघांनाही 'क्रिकेटची आवड' आहे असे घरचे सांगतात. एक जण बॅट सोडत नाही. दुसरा दोन-चार चेंडू खेळून कट्ट्यावर बसतो आणि जुन्या वहीच्या मागच्या पानांवर धावफलक लिहितो: षटके, वाइड, कोण कोणाच्या चेंडूवर गेला. धावचीत होता की नव्हता यावर भांडण झाले की सगळे त्याच्याकडे वळतात. मागच्या आठवड्यात असेच झाले होते तेव्हा काय ठरवले होते, तेही तो पान उलटून दाखवतो. या मुलाची ओढ क्रिकेटची आहे का? मला वाटत नाही. त्याला नोंद ठेवण्यात गोडी आहे, किंवा नियमात, किंवा न्याय देण्यात; कदाचित आकड्यांत. यातले नेमके काय, हे कळायला त्याच्या वह्या सहा महिने बघाव्या लागतील, आणि खेळ बदलला तर तो काय करतो हेही. कोणताही अहवाल त्याला 'क्रीडाबुद्धी' देऊन मोकळा होईल, आणि त्याचे वडील त्याला उन्हाळी शिबिरात नेटमध्ये उभे करतील.

ओढ दिसली रे दिसली की तिला कामाला जुंपायचे, ही आपली खोड शाळेइतकीच घरातही आहे. मुलगी चित्रे काढते म्हटल्यावर तिला चित्रकलेचा क्लास, मग एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, कारण त्याचे दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर. शाळा सोडलेल्या घरांतही याची सुधारित आवृत्ती मी पाहतो. मुलाने चार रात्री आकाशाकडे बघितले, की दुर्बीण येते, मग त्याच्या नावाने इन्स्टाग्रामवर पान निघते आणि तो 'बाल खगोलप्रेमी' होतो. आता त्याला आकाशाचा कंटाळा यायचीही सोय राहिली नाही. कंटाळा येऊन एखादी गोष्ट टाकून देणे हाही मुलाने स्वतःबद्दल लावलेला शोधच असतो, आणि तो लावायची मुभा शाळेत जवळजवळ नसते. घराने ती दिली नाही तर शाळा सोडून मिळवले काय?

शाळेविना शिकणे आपल्याला काही नवे नाही. रायगड जिल्ह्यात पेण आणि आजूबाजूची हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींची. तिथल्या कारखान्यांत वाढलेले मूल माती मळण्यापासून सुरुवात करते. मग साच्यात माती दाबणे, साचा उघडून अंगे जोडणे, घासून गुळगुळीत करणे, पांढरा हात देणे, अंगाचा रंग. सगळ्यांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे. डोळ्याची रेघ एका दमात जावी लागते. ती हलली तर गणपती घाबरलेला दिसतो किंवा रागावलेला. म्हणून आखणीचे हात कारखान्यात मोजके असतात आणि त्यांचा मान वेगळा. तो हात कोणाचा, हे कोणी चाचणी घेऊन ठरवत नाही. आधी जानवे, सोंडेवरची नक्षी, दागिन्यांच्या बारीक रेघा असे करत करत वर्षे जातात, आणि चूक झाली तर ती शेजारच्याला हातभर अंतरावरून दिसते. काही जण साच्यातच रमतात, काहींचे रंग जमतात, एखादा गिऱ्हाईक सांभाळण्यात पटाईत निघतो. एकाच छपराखाली चार तऱ्हेचे गुण वेगळे होतात. अनस्कूलिंगचे पुरस्कर्ते ज्याचे स्वप्न बघतात ते हेच, असे वाटावे.

पण आपल्याकडे या चित्राकडे एवढ्यावर थांबून बघता येत नाही. कारखान्यातले मूल आखणी करेल की साचे, हे त्याच्या हातावर ठरत असे. पण ते मूर्ती सोडून दुसरे काही करेल का, हा प्रश्नच कोणी विचारत नसे. कुंभाराचा कुंभार आणि चांभाराचा चांभार करणारी जी व्यवस्था होती, तिच्यात शिक्षण घरीच होत होते, करून होत होते, वेळापत्रकाशिवाय होत होते. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. इव्हान इलिच यांनी 1971 साली मेक्सिकोत बसून समाजच शाळामुक्त करण्याचा विचार मांडला, त्याआधी पाऊण शतकाहून अधिक काळ इथे शाळेत शिरण्यासाठी लढाई चालू होती. ज्यांच्या पणज्यांना शाळेच्या उंबऱ्याआत घेतले नाही, त्यांना 'शाळा मुलांची प्रतिभा मारते' हे वाक्य ऐकवताना जरा जपून बोलावे. शाळा कितीही वाईट असली तरी बापाच्या धंद्याखेरीज आणखी काही करता येते, हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदा तिथे कळले.

हा केवळ इतिहासाचा मुद्दा नाही. अनस्कूलिंगमध्ये मुलापुढे जे जग येते ते आईबापांच्या ओळखीचे जग असते. घरात पुस्तके असली, मामा वैज्ञानिक असला, शेजारी सतारवादक असला, तर मुलाच्या कुतूहलाला दहा दारे. नसली तर मोबाइलचा पडदा. 2016 साली मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतल्या एमआयटीत पोचली, ती आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या बळावर. शाळा सोडण्याच्या बाजूने ही गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि मुलीचे कर्तृत्व मोठेच आहे. पण ऑलिम्पियाड, त्याची निवड, त्याचे प्रशिक्षण या सगळ्या संस्था आहेत, आणि मुलाला घरी ठेवणाऱ्या घरात कोणाला तरी आपल्या दिवसाचे तास मोजून द्यावे लागतात. ते बहुतेक आईच देते. 'आम्ही अनस्कूलिंग करतो' या वाक्यातला 'आम्ही' मला नेहमी थोडा उदार वाटतो.

संशोधनाची साक्ष काढायची तर तीही सरळ नाही. पीटर ग्रे आणि जीना रायली यांनी अनस्कूलिंग करणाऱ्या 232 कुटुंबांना प्रश्न विचारले, आणि पुढे तसेच वाढून मोठ्या झालेल्या 75 जणांना. बहुतेकांनी समाधान सांगितले. पण आवाहन वाचून आपणहून पुढे आलेली ही माणसे. ज्यांचे बिनसले ते असल्या प्रश्नावल्या भरायला बसत नाहीत. उलट बाजूला कॅनडातला 2011 चा एक अभ्यास आहे. घरी शिकणारी 37 आणि शाळेत जाणारी 37 मुले, वय पाच ते दहा. घरी ठरवून, आखून शिकणारी मुले शाळेतल्यांच्या पुढे होती. आखणीशिवाय शिकणारी सर्वांत मागे. मात्र ही आखणीशिवायची मुले अवघी बारा. बारा मुलांवरून निकाल देता येत नाही, आणि दुर्लक्षही करता येत नाही. माझे मत विचाराल तर वाचन आणि अंकगणित या दोन गोष्टी केवळ कुतूहलाच्या भरवशावर सोडू नयेत. मूल सात-आठ वर्षांचे होऊन वाचत नसेल आणि आईबाप 'त्याची वेळ आली की वाचेल' म्हणत असतील, तर ते बघत नाहीत, वाट बघत आहेत. दोन्हींत फरक आहे.

शाळा आणि बघणे यांचा मेळ घालता येतो, हे महाराष्ट्रात ज्यांनी करून दाखवले त्यांची नावे या चर्चेत यायला हवीत आणि येत नाहीत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, अनुताई वाघ पहिल्यापासून बरोबर होत्या. वारली मुले शाळेत येत नव्हती. शाळा चालवणाऱ्यांचे यावर ठरलेले उत्तर असते: पालक उदासीन आहेत. ताराबाई-अनुताईंनी मुले शाळेच्या वेळात करतात काय ते पाहिले. धाकटी भावंडे सांभाळतात, लाकूडफाटा आणतात, गुरे चारतात. मग लहानग्यांसाठी शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली आणि गुराख्यांसाठी कुरणात. तिला नाव पडले कुरणशाळा. गुरे चरत असताना झाडाखाली पोरे जमायची. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला पडली. बिया, पाने, शिंपले, काटक्या ही साधने झाली. वेळ, जागा, साहित्य सगळे मुलांच्या दिवसाला जुळवून घेतले गेले. अक्षर आणि अंक मात्र सुटले नाहीत, कारण ते त्या मुलांना दुसरीकडून मिळणार नव्हते. शैली, बुद्धीचे प्रकार यांतला एकही शब्द न वापरता मुले ओळखली गेली, आणि तीही ज्यांच्याकडे बोटांचे ठसे घ्यायलासुद्धा कोणी आले नसते अशी.

शाळेची सक्ती आणि घरी शिकण्याची मोकळीक या दोन टोकांमध्ये आजचा कायदा अडखळलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. म्हणून घरी शिकवणारे धास्तावलेलेही असतात आणि निर्धास्तही. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देता येते, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. त्या फॉर्मच्या रांगेत मध्येच शाळा सुटलेली, कामाला लागलेली मुले असतात, आणि हल्ली क्वचित एखादे घरी शिकलेलेही. दरवर्षी होणाऱ्या शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मात्र वीटभट्टीवरचे मूल आणि संगणक अभियंत्याचे घरी शिकणारे मूल एकाच रकान्यात पडू शकते. हा रकाना फोडायला हवा. घरी शिकवू इच्छिणाऱ्यांना नोंदणीचा सरळ मार्ग द्यावा, वर्षातून एकदा कोणी जाणत्याने जाऊन मूल वाचते का, आकडेमोड करते का, एवढे पाहावे आणि बाकी त्यांच्यावर सोडावे. वीटभट्टीवरच्या मुलाकडे आधी शाळा गेली पाहिजे, तीही त्याच्या भट्टीच्या वेळा पाहून. आणि साठांच्या वर्गातल्या शिक्षिकेला अशैक्षणिक कामांतून मोकळे करून आठवड्यातला एक तास असा द्यावा, की ज्यात तिने काही शिकवायचे नाही, मागच्या बाकावर बसून बघायचे आणि वहीत टिपायचे. यातली पहिली मागणी करायला घरी शिकवणारे पालक पुढे येतात. दुसऱ्या दोन मागण्याही त्यांनी आपल्या निवेदनात घालाव्यात. नाहीतर प्रत्येक मूल वेगळे असते हे त्यांचे म्हणणे त्यांच्याच मुलांपुरते होते.